खुराड्यामागचा फास
निघोजे, सोमवार

ती. आबांना प्रमिलाचा वाकून नमस्कार.

आम्ही ठीक आहोत. कंपनीच्या भिंतीमागून येणाऱ्या कोल्ह्याने तीन कोंबड्या नेल्या, म्हणून रणजीतने शिकार शिकायला घेतली. खुराड्यामागे क्लचच्या तारेचा फास लावला, पण घरात कुणाला सांगितलं नाही. सकाळी अंडी आणायला गेलेल्या त्याच्या बायकोचा, तनुजाचाच पाय अडकला. चार टाके पडले. आता चालते, काळजी नसावी.

मी रागावले, तर म्हणतो, "आई, आजोबांनी फोनवर सांगितलं तस्संच केलं!"

तार मी कापून टाकली. कोल्हा मारणं गुन्हा आहे, हेही बजावलं.

तुमचा गुडघा कसा आहे? औषध घेता ना?

आबा, पत्र मिळताच रणजीतला फोन करा. माझं ऐकत नाही. "या वेळी लांब लावतो," म्हणत नवी तार घेऊन आलाय.

तुमची,
प्रमिला