भिंतीतली खुटखुटी

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणजे गुडघा बरा असावा. दुखत असता तर चार पानं आली असती. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर मी जरा खोलात शिरले की तुझं दूध उतू जायला लागतं.

सहा वर्षांनी एक पुस्तक मनासारखं जमत होतं, त्यात विघ्न आलंय. ‘भिंतीतली खुटखुटी’ म्हणजे आपलीच गंमत गं. मी सात वर्षांची, तू अकराची. पाय प्लास्टरमध्ये घालून मी, तू अजून राहतेस त्याच घरात, मागच्या खोलीत दीड महिना पडले होते आणि भिंतीतून टकटक यायची. पहिल्याच संध्याकाळी मी भेदरून रडले, तेव्हा तू सांगितलंस की पलंगामागे हात घालून तूच चमच्यानं वाजवतेस. मग खेळात कल्पिलेल्या भिंतीतल्या मुलीचं खुटखुटी हे नावही तुझंच. दोनदा वाजलं की ‘जागी आहेस का’, तीनदा म्हणजे ‘हो’, आणि नखाचा एक लांब ओरखडा म्हणजे ‘आता पुरे’.

काल संपादकांचा फोन आला. त्यांच्याकडे दुसऱ्या एका बाईंचं हस्तलिखित आलंय. त्यातही भिंत, दोन टकटक, तीन टकटक आणि शेवटी ओरखडा. माझं लिखाण कोणी पाहिलं होतं का, असं त्यांनी विचारलं. आवाज गोड होता, पण कोणी कोणाचं उचललं हाच प्रश्न होता. मी कागदाचे तुकडे कापून, चिकटवून लिहिते हे तुला माहीत आहे. ते माझे मलाच लागत नाहीत, दुसऱ्याला काय लागणार? फक्त बालमासिकात दोन ओळी आल्या होत्या, की माझं पुढचं पुस्तक भिंतीतून टकटक करणाऱ्या खुटखुटीबद्दल आहे. ओरखडा त्यात नव्हता.

तू कोणाला बोलली होतीस का? आठवून लिही. चोर ठरले तर या वयात पुन्हा तोंड वर काढता येणार नाही.

माया आहेच, पत्रातूनही येऊ दे.
तुझी,
छकुली

---

२० जून

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

पन्नाशी उलटलेल्या बाईच्या पाकिटावर छकुली लिहिलेलं पाहून पोस्टातली बाई हसते. हसू दे.

मी कोणाला काही बोललेले नाही. टकटक काय, सगळ्या जगातली पोरं करतात. एकीला सुचलं ते दुसरीलाही सुचेल. तू उगाच जीव जाळतेस. माझं ऐकशील तर ते पुस्तक ठेव बासनात आणि छानसा हत्ती घे. हत्तीवर कोणी हक्क सांगत नाही.

इथे स्वयंपाकघरातला नळ गळतोय. प्लंबर आज येतो, उद्या येतो असं तीन आठवडे चाललंय. मागच्या खोलीतलं मोठं कपाट हलवून पाइप बघू का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. ते कपाट हलवायला चार माणसं लागतात.

त्या खोलीबद्दल लिहिणंच बरं नाही बघ. त्या बाईंच्या गोष्टीत बटणाचं काही आहे का, तेवढं मात्र कळव.

जेवणाकडे लक्ष दे. तुझा लोभ आहे तोवर मला औषध लागत नाही.
तुझी,
ताई

---

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

संपादकांनी त्या बाईंना विचारून त्यांची पानं मला पाठवली. दिवसाढवळ्या, खिडकीत बसून वाचली, तरी मधेच उठून मी खोलीतले सगळे दिवे लावले.

ताई, ती गोष्ट भिंतीच्या पलीकडून लिहिलेली आहे.

कागदाच्या गठ्ठ्यांनी भरलेली खोली आहे, तिला बाहेरून कडी आहे, आणि आत एक मुलगी आहे. तिला पलीकडच्या दोन बहिणी ऐकू येतात. धाकटी कण्हते. मोठी पाढे म्हणते आणि दर वेळी तेरा सत्तेपाशी अडकते. तेरा सत्तेला तू अडकायचीस हे आई, तू आणि मी सोडून कोणाला ठाऊक होतं? आई तर गेली.

आणि ही मुलगी दुपारी वाजवते, मोठी शाळेत गेल्यावर. तेव्हा मला आठवलं. दुपारीही टकटक यायची. मी तुला विचारलं होतं, तर मधल्या सुट्टीत पळत येते म्हणालीस. मला खरं वाटलं. सात वर्षांच्या मुलीला बहिणीचं सगळंच खरं वाटतं. पण ताई, आपली शाळा पुलापलीकडे होती. जायला पाऊण तास लागायचा.

बटण आहे. पाइपाजवळ, खाली, भिंतीला भोक आहे. मोठी त्यातून टोस्टचे तुकडे सरकवते. मुलगी फ्रॉकचं बटण तोडून बाहेर ढकलते आणि मोठीचा हात ते घेतो. मी तुला बटणाचं काहीच लिहिलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. मग तू कसं विचारलंस?

गोष्ट अशी संपते, की एके दिवशी ते भोक पलीकडून बुजतं. मुलगी वाजवत राहते. पुढे पान कोरं आहे.

मला राग आलेला नाही. मला भीती वाटतेय. खरं काय ते लिही.
छकुली

---

९ जुलै

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी चारदा लिहून चारदा फाडलं.

मी वाजवत नव्हते. एकदाही नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी तू इतकी थरथरत होतीस, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पाय जराही हलता कामा नये. म्हणून मी म्हटलं, मीच वाजवते. तू लगेच हसलीस. एकदा म्हटलं म्हटल्यावर मला ते रोजच निभवावं लागलं. टकटक आली की मी पलंगामागे हात घालून बसायचे. चमचा हातात नुसता धरलेला असायचा.

पलीकडे तो वही-पुस्तकं बांधणारा बाइंडर राहायचा, आठवतो? आपल्याला कागदाच्या पट्ट्या द्यायचा, अहो-जाहो करायचा. तो एकटा राहतो हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि तरी मी टोस्ट सरकवत होते. लहानपणी दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात गं.

एकदा आईनं टकटक ऐकली. थेट विचारलं, हा आवाज कसला. मी म्हटलं, माझा. भिंती ठोकते म्हणून पाठीत धपाटा खाल्ला. त्या दिवशी मी खरं बोलले असते तर आई पदर खोचून बाइंडरच्या दारात गेली असती. ती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी भोकातून बटण आलं आणि त्यामागून बोट आलं. माझ्या बोटाहून बारीक, नख कुरतडलेलं. ते हळूहळू वाकलं, कोणाला बोलवावं तसं. मी रद्दी भिजवून भोकात कोंबली आणि वर साबण थापला. महिन्याभरात बाइंडर सामान गाडीवर लादून निघून गेला. त्यानंतर टकटक आली नाही, आणि मी सुटले असं मला वाटलं. मोठी झाल्यावर ते कपाट मीच तिथे उभं करून घेतलं. बटण माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, पिवळं, दोन भोकांचं.

तू चोर नाहीस, हे संपादकांना सांग. हवं तर माझं नाव घालून सांग. पण ती मुलगी जिवंत आहे का, त्या बाई म्हणजे तीच का, आधी ते बघ. मला दुसरं काही सुचत नाही.
ताई

---

२८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ती मुलगी जिवंत आहे, त्या बाई म्हणजे तीच. काल भेटले. एका शाळेत शिवण शिकवतात. बारीक अंगाच्या, चहा फुंकून पिणाऱ्या. बाइंडर त्यांचा मामा. आई वारल्यावर त्यानं त्यांना आणलं, पण घरमालक लहान मूल ठेवू देणार नाही म्हणून दिवसभर कागदाच्या खोलीत कोंडायचा आणि आवाज करायचा नाही अशी ताकीद द्यायचा. वर्षभरानं मावशीनं शोधून सोडवलं.

त्यांनी शाळेच्या वाचनालयात माझ्या त्या दोन ओळी वाचल्या आणि आठ दिवसांत सगळं लिहून माझ्या संपादकांकडे धाडलं. पुस्तक छापावं म्हणून नाही. मावशीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना आयुष्यभर सांगत आले, की पलीकडे कोणी नव्हतं, एकटेपणात तुझं तूच रचलंस. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की मी फोन उचलून म्हणावं, होतो आम्ही.

मी म्हटलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, धाकटीचा पाय बरा झाला का?

माझं पुस्तक मी मागे घेतलं, ताई. गोष्ट त्यांची आहे, मी फक्त अलीकडून ऐकलेली. संपादक हळहळले, हळहळू देत. भोक कोणी बुजवलं हे त्या बाईंना मी तुझ्या परवानगीशिवाय सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांना ती खोली पाहायची आहे, एवढंच म्हणाल्या. पुढच्या रविवारी पाठवू का? कपाट हलवावं लागेल.

तू माझ्यासाठी खोटं बोललीस, हे मी विसरणार नाही. तुझ्यावर रागावताही येत नाही.
तुझी,
छकुली

---

१२ ऑगस्ट

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

कपाट हलवून पलंग जुन्या जागी आणायला चार नाही, दोनच माणसं लागली. इतकी वर्षं उगाच चार म्हणत होते.

साबण दगडासारखा झाला होता. विणकामाच्या सुईनं टोकरून काढला, आतला कागद तांबडा पडला होता. रविवारी त्या आल्या. दार उघडल्या उघडल्या मी सांगून टाकलं की भोक मी बुजवलं. त्यांनी मान हलवली आणि पलीकडच्या घराची चावी मिळेल का, असं विचारलं. तिथे आता कोणी राहत नाही, चावी मी घरमालकाकडून आणून दिली. त्यांना आपली खोली नकोच होती, त्यांना तिथे जायचं होतं. मी एकटी जाऊ नका म्हटलं, तर म्हणाल्या, तुम्ही इकडे बसा.

मी पलंगाशेजारी जमिनीवर बसले. गुडघ्यानं बोंब मारली, पण बसले. बराच वेळ काही नाही. दुपारचे तीन वाजले असतील. मग भिंतीतून दोनदा वाजलं, छकुली, अगदी तसंच. माझा हात आपोआप पलंगामागे गेला, चमचा धरल्यासारखा, नुसताच. तो मी बाहेर काढला.

आणि मी तीनदा वाजवलं. आयुष्यात पहिल्यांदा, खरोखर.

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मग भोकातून बोट आलं. सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेलं, पण तसंच वाकलं. मी पिवळं बटण त्याच्यावर ठेवलं. बोट आत गेलं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. ओरखडा तिनंही काढला नाही, मीही नाही.

भोक मी उघडंच ठेवलंय. तू येशील तेव्हा पलंग तिथेच असेल.
तुझी,
ताई