सासूबाईंच्या काचेतला दिवा

शनिवार पेठ, पुणे
बुधवार

ती. सौ. कौशल्यावन्संना उल्काचा शिरसाष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली असल्यामुळे कागदावरच घालते आहे).

तुमचा गुडघा, भावजींचं पथ्य आणि तुमच्या शौनकचा नवा चष्मा सगळं ठीक आहे असं धरून चालते. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि पुढचा मजकूर अख्ख्या बिबवेवाडीने ऐकण्यासारखा नाही. वन्सं, मी दिवा विझवला! आणि परत लावला! थांबा, नीट सांगते.

आमची कादंबरी बंगलोरला नोकरीला गेली तेव्हा तिचं व्हिडिओ गेमचं यंत्र इथेच ठेवून गेली. आईने फोन केला की तिला मीटिंग असते. पण रविवारी चार वाजता ती तिथून आणि मी इथून एकाच गेममध्ये शिरतो, आणि मग राक्षस मारता मारता ती काय जेवली, कुणाशी भांडली, सगळं आपणहून सांगते. (तिचा वार चुकला की समजावं, मी स्थळाचा विषय काढलाय.) आठवड्यात मुलगी मिळते ती तेवढीच. तिच्यापुढे हसं होऊ नये म्हणून मी रोज दुपारी दोन तास सराव करते. चोपन्नाव्या वर्षी. हसा, हसून घ्या.

तर हातात धरायच्या त्या कंट्रोलरला पुढच्या अंगाला एक दिवा आहे. गेममधल्या आपल्या माणसाचा जीव शाबूत असला की निळा, जीव जायला आला की लालभडक. त्याचं तोंड टीव्हीकडे, आणि टीव्हीच्या वर कोण? सासूबाई, चंदनाच्या हारासकट, काचेत. उन्हासाठी पडदे ओढलेले. गेल्या आठवड्यात सोमवारी तुमचे बंधू फोटोसमोर उभे राहून म्हणाले, "आई, ही रोज दोन-दोन तास खेळते, तुला चालतं का गं?" आणि नेमकी त्याच क्षणी मी दरीत पडले. सासूबाई कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल! वन्सं, तो रंग मी ओळखते. माझ्या पहिल्या दिवाळीत चकलीला काटे आले नव्हते तेव्हा पाहिलाय. झालं, निकाल लागला. पुढच्या सोमवारी यंत्र शौनकला द्यायचं. (ज्या माणसाने आईला विचारल्याशिवाय कधी मिशी काढली नाही, त्याच्याकडे अपील कसलं करता?)

कादंबरीला विचारलं तर म्हणाली, दिवा मंद होतो, बंद होत नाही. मंद, मध्यम आणि प्रखर, एवढंच. (हे यंत्र बनवणाऱ्याला लहानपणी "खोलीत कोणी नसताना दिवे कशाला?" म्हणून कुणी झापलेलं दिसत नाही.) मंद करून पाहिला. सासूबाई गुलाबी झाल्या. हे फारच भयंकर, कारण हयातीत त्या कुणापुढे लाजलेल्या आठवत नाहीत. मग माझी ठेवणीतली मोठी मरून टिकली दिव्यावर लावली. उजेड कडेकडेने फुटायला लागला आणि कंट्रोलर हळदीकुंकवाला निघाल्यासारखा दिसू लागला. शेवटी गुरुवारी इलेक्ट्रिशियनची काळी टेप आणली, तीन पदर गुंडाळले, आणि अंधार! संपूर्ण अंधार! मी टीव्हीसमोर फुगडीचा एक फेरा एकटीने घेतला. (उसण तिथली.)

आनंद शुक्रवारपर्यंत टिकला. ह्यांनी फोटोला विचारलं, "आई, स्कूटर विकू का?" काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. तुम्हाला मी काय सांगायचं, सासूबाई चिडल्या की घरात जेवणं व्हायची, गप्प झाल्या की व्हायची नाहीत. ह्यांनी मागचा भात घेतला नाही. खाटेच्या कडेवर बसून म्हणाले, "आईने अबोला धरला." त्रेसष्ट वर्षांचा माणूस, पण शाळेतून कुणी न्यायला आलं नाही असा चेहरा.

मग काय करता? शनिवारी माझी मीच टेप सोलली. गेममध्ये राक्षसांपासून लांब एका कोपऱ्यात भरल्या जिवाने पुतळ्यासारखी उभी राहिले आणि ह्यांना म्हटलं, माझ्या खेळाचं परत विचारा. विचारलं. सासूबाई निळ्याशार! "चालतं म्हणते," हे म्हणाले आणि दोनदा भात घेतला. रविवारी चार वाजता कादंबरी आणि मी मिळून सात राक्षस मारले, वन्सं, सात! यंत्र इथेच राहिलं. शौनकला वाईट वाटू देऊ नका.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची
उल्का

ता. क. : सासूबाईंचा फोटो वर्षश्राद्धाला बिबवेवाडीला कायमचा नेणार म्हणत होतात. कृपा करून नेऊ नका. हवी तर हारासकट दुसरी प्रत करून देते. हा माझा हट्ट नाही. काल तुमच्या बंधूंनी रीतसर विचारलं, आणि सासूबाई लाल झाल्या.

ता. क. २ : विचारण्याआधी त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहा केला, माझ्या शेजारी आणून ठेवला आणि फोटोकडे न बघता हळूच म्हणाले, "आज पडलीस तरी चालेल हं."