सम्राटाचा कोबी आणि माझा गणपती

मी, श्रीमती सुमित्रा गुरुदत्त हरकरे, वय वर्षे चौसष्ट, मूळची नागपूरच्या महाल भागातली, सध्या राहणार ॲन आर्बर, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कुणी धाक, लालूच किंवा सल्ला देऊन हे माझ्याकडून लिहून घेतलेलं नाही. सल्ला द्यायला बरेच जण आले होते, त्यांना चहा देऊन परत पाठवलं. पूर्वीचं मृत्युपत्र माझ्या पतींनी माझ्या वतीने लिहून मला सहीपुरतं दाखवलं होतं. ते मी रद्द करते.

याची इंग्रजी प्रत वकिलांनी केली आहे आणि कोर्टात तीच चालेल. तिच्यात फक्त मालमत्ता आहे. कारणं या प्रतीत आहेत. ज्यांच्याबद्दल ती आहेत त्यांना मराठी चांगलं वाचता येतं.

हे लिहिण्याची घाई एका वस्तूमुळे झाली: माझ्या आईचा पितळी गणपती. माझ्यामागे तो कुणाचा, याबद्दल इथल्या दोन्ही महाराष्ट्र मंडळांनी आपापला हक्क सांगितला आहे. त्याचं उत्तर शेवटच्या कलमात आहे, पण आधीची कलमं वाचल्याशिवाय ते समजणार नाही.

माझे पती कै. गुरुदत्त यांचा उल्लेख यापुढे 'हे' असा येईल. हयातीतही मी तसाच करत असे.

कलम १. माझी शोकसभा कुठल्याही मंडळाने घेऊ नये. ह्यांच्या वेळी दोन झाल्या, एकाच दुपारी, एकाच वेळेला, आणि दोन्हीकडून मला फोन आले: "काकू, तिकडे जाऊ नका हं." मी घरी बसले.

कलम २. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी माझी एकुलती एक मुलगी विनीता हिला. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक. विनीता घोड्यांची डॉक्टर आहे. मंडळात अजूनही तिची ओळख 'हरकऱ्यांची मुलगी, ती खऱ्या डॉक्टरकीला गेली नाही ना, ती' अशी करून देतात. ज्यांनी ही ओळख प्रथम करून दिली ते स्वतः विमा विकतात.

कलम ३. मागच्या अंगणातला कोबीचा वाफा उखडून तिथे गवत लावावं.

याचं कारण सांगायला मला रोमपर्यंत जावं लागतं. डायोक्लिशियन नावाचा एक सम्राट होऊन गेला. हे मोटार कंपनीत इंजिनिअर होते, ब्रेक तयार करायचे, पण जेवताना बोलायचे ते डायोक्लिशियनबद्दल. पस्तीस वर्षांच्या संसारात मी त्या माणसाबरोबर जितकी जेवले तितकी माझ्या सख्ख्या भावाबरोबर जेवले नसेन.

लहान घरातून आलेला, शिपाईगिरी करत वर चढलेला. सैन्याने सम्राट म्हणून निवडलं त्याच दिवशी त्याने सगळ्यांदेखत एका अधिकाऱ्याला तलवारीने मारलं. मग वीसएक वर्षं राज्य केलं. समोर येणाऱ्याने लोटांगण घालून त्याच्या झग्याची किनार चुंबावी, असा रिवाज पाडला. महागाई झाली तेव्हा प्रत्येक वस्तूचा भाव दगडात कोरून घेतला आणि जास्त घेईल त्याला मृत्युदंड लावला. झालं इतकंच की वस्तूच बाजारातून नाहीशा झाल्या. साम्राज्य एकट्याला आवरत नाही म्हणून चौघांत वाटलं: दोन थोरले, दोन धाकटे. थोरल्यांनी वेळ आली की खाली उतरायचं, धाकट्यांनी वर चढायचं. आणि एक दिवस हा गादी सोडून समुद्रकाठच्या राजवाड्यात जाऊन कोबी लावू लागला. मागे सगळे एकमेकांच्या उरावर बसले, तेव्हा लोक त्याला परत बोलवायला गेले. तो म्हणाला, मी लावलेला कोबी पाहाल तर असं विचारणार नाही.

ह्यांना यात वैराग्य दिसायचं. मला आग लावून शेजारच्या गावी राहायला गेलेला माणूस दिसायचा.

कलम ४. ह्यांचं 'डायोक्लिशियन: एक द्रष्टा' हे हस्तलिखित विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सभ्यपणे नाकारलं आहे. त्याचे चार सारखे भाग करावेत. मजकूर कुठे तुटतो ते पाहू नये. एकेक भाग प्रताप, संजीव, राजीव आणि कुमार यांना द्यावा. पूर्ण वाचायचं असेल तर चौघांना एका टेबलाशी बसावं लागेल, म्हणजे ते कुणीही वाचणार नाही, आणि साहित्याची सेवा होईल.

हे चौघे कोण, ते लिहायला हवं. आमचं मंडळ ह्यांनी इथून जवळच्या ट्रॉय गावात स्थापन केलं आणि सतरा वर्षं अध्यक्षपद सोडलं नाही. स्टेजवर शाल घेताना हे मान अशी काही धरायचे की देणाऱ्याला वाकावंच लागे. एका वर्षी बटाटेवड्याचा भाव ह्यांनी पुठ्ठ्यावर लिहून टांगला. वडे मी आणि माझी मैत्रीण नीला करायचो; त्या भावात तेलसुद्धा सुटत नव्हतं. पुढल्या वर्षी वडे झालेच नाहीत. ह्यांना फार आश्चर्य वाटलं. सम्राटाची तीच फजिती ज्याला पाठ आहे, त्याला आश्चर्य वाटावं याचं मला वाटलं.

डायोक्लिशियनने गादी सोडली ती एक मे रोजी. महाराष्ट्र दिनही एक मेचा. ह्यांना हा योग दैवी वाटला. १९७९च्या एक मेला, ज्याने त्याने एकेक पदार्थ आणलेल्या पोटलकच्या जेवणानंतर, ह्यांनी मंडळ चौघांच्या स्वाधीन केलं: प्रताप आणि संजीव थोरले अध्यक्ष, राजीव आणि कुमार धाकटे. मी त्या रात्री म्हटलं, "अहो, त्या रोममध्ये हे टिकलं नाही, ट्रॉयमध्ये कसं टिकेल?" हे म्हणाले, "ती माणसं वेगळी होती." त्यानंतर ह्यांनी कोबीचं बी मागवलं.

दोन वर्षांत दोन मंडळं झाली. प्रतापच्या मंडळाचं नाव महाराष्ट्र मंडळ, संजीवच्या मंडळाचं मूळ महाराष्ट्र मंडळ.

कलम ५. सम्राटाचा प्लॅस्टरचा पुतळा, छातीपर्यंतचा, नाक तुटलेला, प्रतापला.

निवृत्तीनंतर हे मला युगोस्लाव्हियात तो राजवाडा दाखवायला घेऊन गेले, तेव्हा तो घेतला. राजवाड्याच्या भिंतींत आता लोक राहतात. सम्राटाच्या खिडक्यांत बायकांनी धुणं वाळत घातलं होतं. ती इमारत मला तेवढीच कामाची वाटली. ज्या ख्रिस्ती लोकांचा त्याने छळ केला त्यांनीच पुढे त्याची समाधी रिकामी करून तिचं चर्च केलं. त्याचं शव कुठे गेलं ते कुणाला माहीत नाही, आणि तिथे कुणी विचारतही नव्हतं. हे मात्र डोळे पुसत उभे होते.

कलम ६. मोठी पातेली, झारे, सोऱ्या आणि पुरणयंत्र प्रतापची बायको शोभा हिला. प्रतापला नव्हे. हे इंग्रजी प्रतीतही ठळक लिहिलं आहे.

कलम ७. पितळी गणपती.

ही मूर्ती माझ्या आईची. १९६१ साली मी नागपूरहून निघाले तेव्हा तिने दिली आणि मी विमानात मांडीवर घेऊन आणली. मंडळाला ती दर वर्षी वापरायला दिली, दान दिली नाही. अमेरिकेत गणपती चतुर्थीला येत नाही, चतुर्थीनंतरच्या शनिवारी येतो, कारण शाळेचा हॉल शनिवारीच मिळतो. विसर्जन सुपारीचं, बादलीत. मूर्ती पुन्हा आमच्या बेसमेंटमध्ये. तिथून हॉलपर्यंत तिला न्यायचं काम विनीताचं होतं. पाच वर्षांची होती तेव्हापासून ती पुढच्या सीटवर गणपती मांडीवर घेऊन बसायची, दोघांना मिळून एक पट्टा. कुठलंही वळण आलं की त्याच्या सोंडेवर हात ठेवायची.

१९८२ मध्ये प्रतापने आपल्या भाच्यासाठी विनीताला मागणी घातली. विनीता त्या मुलाबरोबर दोनदा जेवायला गेली आणि नाही म्हणाली. तेवढंच. पण प्रतापने तोवर चार गावांत सांगून ठेवलं होतं. कमिटी बसली. सुतकी चेहऱ्याने ठरलं की यापुढे मूर्ती प्रतापच्या घरी राहील आणि विनीताने तिला हात लावू नये, 'वाद नकोत म्हणून'. मंडळ फुटल्यानंतर त्या चौघांचं जे एकमेव एकमत झालं, ते हे.

ह्यांनी त्यांना विनंतीचं पत्र लिहिलं. उत्तर फोनवर आलं. मी स्वयंपाकघरातल्या एक्स्टेंशनवर ऐकत होते.

"काका, यार, तुम्ही कशाला टेन्शन घेता? तुम्ही रिटायर झालात ना! कमिटीने डिसाइड केलंय, आता रिओपन कसं करणार?"

"अरे प्रताप, पण ती लहानपणापासून ते करत आलीय..."

"ते जाऊ द्या, काका. कोबी कसा आलाय यंदा?"

"चांगला आलाय," हे म्हणाले. आणि कोबीबद्दल बोलत राहिले.

विनीता समोरच बसली होती. म्हणाली, "इट्स ओके, बाबा. इट्स जस्ट अ स्टॅच्यू." त्यानंतर दर वर्षी गणपतीच्या शनिवारी ती स्वतःहून ड्यूटी मागून घेऊ लागली.

डायोक्लिशियनलाही एकच मुलगी होती, व्हॅलेरिया. बाप कोबी लावत असताना तिचा नवरा वारला. त्या चौघांच्या वाटणीतून वर आलेल्या नव्या सत्ताधीशाने तिला मागणी घातली. ती नाही म्हणाली. त्याने तिचं सगळं जप्त करून तिला आणि तिच्या आईला वाळवंटाकडे हाकललं. बापाने राजवाड्यातून विनवण्या पाठवल्या: मुलीला माझ्याकडे पाठवा. कुणी दाद दिली नाही. बाप मेल्यावर मायलेकींना पकडून त्यांची डोकी उडवली. ह्यांच्या अख्ख्या हस्तलिखितात या मुलीला एक तळटीप आहे. त्या फोननंतरही ती तळटीपच राहिली. मी वाट पाहिली होती.

हे १९८५ च्या हिवाळ्यात गेले. सम्राटापेक्षा बरे होते. त्यांनी कुणाला मारलं नाही आणि भांडी घासायचे. एवढं लिहिणं मला न्यायाचं वाटतं.

यंदा ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, मी विनीताला म्हटलं, "गाडी काढ. ट्रॉयला जायचंय." पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही. ती गाडीतच थांबली. त्या घरात तिला पाऊल टाकायचं नव्हतं. दार शोभाने उघडलं. खाली बेसमेंटमध्ये प्रताप आणि संजीव भांडत होते, मूर्ती यंदा कुणाच्या स्टेजवर. गणपती पिंगपाँगच्या टेबलामागे होता, धूळ बसू नये म्हणून डोक्यावर टॉवेल. मी टॉवेल काढला आणि मूर्ती उचलली.

"काकू, अहो, असं एकदम कसं?" प्रताप म्हणाला. "प्रोसिजर असते! जनरल बॉडीत ठराव आणावा लागेल."

"आण. वर लिही, सुमित्राकाकूंच्या आईच्या गणपतीबद्दल ठराव."

संजीव पुढे आला. "बघा काकू, मी तर म्हणतच होतो, हा कुणाला देणारच नव्हता..."

"संजीव, मीही तुला देत नाहीये."

"न्या हो, काकू," शोभा जिन्यावरून म्हणाली. "रोज दिवा लावायला मी उतरते. कमिटी एकदा तरी उतरली का?"

"शोभा, तू मध्ये पडू नकोस!"

"मध्ये नाही, जिन्यात आहे. काकूंना वाट दे."

प्रताप बाजूला झाला. सरकारी बस चुकलेल्या माणसासारखा दिसत होता. "मग यंदा स्टेजवर ठेवू काय आम्ही?"

"तुझ्या नावाने एक पुतळा ठेवलाय मी," मी म्हटलं. "पण त्याला माझ्या मरणापर्यंत थांबावं लागेल."

मूर्ती जड होती. गाडीपर्यंत शोभाने एका बाजूने धरली. म्हणून ही वस्तू वाटणीत धरू नये. ती मी हयातीतच विनीताला दिली आहे, शोभा साक्षीला होती, आणि यंदा विनीताच्या घरी गणपती चतुर्थीलाच बसला, शनिवारची वाट न पाहता. दोन्ही मंडळांनी मागितला तर त्यांना कलम ३ वाचायला द्यावं. वाफ्याचं गवत होईपर्यंत कोबी हवा तेवढा न्यावा.

गाडीशी पोचल्यावर मी पुढच्या सीटवर बसून मूर्ती मांडीवर घेणार होते. विनीता खाली उतरली, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "नो, आई. यू ड्राइव्ह."

मी हायवेवर गाडी चालवत नाही, हे तिला चांगलं माहीत आहे. ती पुढच्या सीटवर बसली, गणपती मांडीवर घेतला, दोघांना मिळून पट्टा लावला आणि सोंडेवर हात ठेवला. मी चालवली.

वरील सर्व मी लिहिलं आहे, वाचलं आहे, आणि एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

सही: सुमित्रा गुरुदत्त हरकरे
ठिकाण: ॲन आर्बर, मिशिगन
तारीख: १२ ऑक्टोबर १९८७

साक्षीदार १: मार्गरेट डी यंग, शेजारीण. मजकूर यांना वाचता येत नाही. सही समोर झाली, आणि लिहिताना बाई दोनदा हसल्या, असं त्या सांगतात.

साक्षीदार २: नीला वसंत टेंभेकर. मजकूर पूर्ण वाचला. प्रतापबद्दल फार सौम्य लिहिलं आहे, असं माझं मत मी नोंदवते.