लवूची हवापालट

२ मे १९३१, शनिवार
विहीर उपसायला शिवा आला. गाळाबरोबर लवूला टोपलीतून वर काढलं. नवरा गेल्यावर अक्का सासरहून आली ती एक ट्रंक आणि हे कासव घेऊन. रोज जेवण झालं की त्याला भात घालते, गप्पा मारते. मला म्हणाली, विहिरीला पाणी लागेपर्यंत याला सांभाळ हो, फणसाखाली चिखलात ठेव. सांभाळणार! सायंटिफिकली. विलायतेतल्या एका साहेबाचं पुस्तक आहे माझ्याकडे. ‘कासव व हवामान’ असा निबंधच लिहून मुंबईला पाठवतो.

३ मे
पुस्तकात स्पष्ट आहे: भरपूर ऊन, स्वच्छ पाणी. गुरांची दगडी दोण घासून कातळावर उघड्यावर ठेवली, पाणी भरलं, लवूला आत सोडला. चिखल, शेवाळ बंद. अक्का म्हणाली, मेल्या, बटाटा उकडत घातल्यासारखा घातलायस त्याला! बायकांना हायजिन समजत नाही.

४ मे, दुपार
लवूने मान आत घेतली आहे. चिंतन करीत असावा. भाताला तोंड लावलं नाही. आज सोमवार, उपास असेल. पाण्याचं टेंपरेचर घ्यायला घरातलं तापाचं थर्मामीटर दोणीत घातलं. पारा सरसर वर गेला आणि काच फुटली. हल्ली माल फार हलका येतो.

५ मे
मान बाहेर लोंबते आहे. डोळे मिटलेले. बोट लावलं तरी हलेना. घाबरलो, खरं तेच लिहितो. वर ओलं गोणपाट टाकलं. उद्या उजाडताच फणसाखाली हलवायचा, नक्की. आजच हलवला असता, पण पाठ धरली आहे, आणि अक्काला वाटायचं तिचंच खरं होतं.

६ मे
दोण रिकामी! गोणपाट बाजूला पडलेलं. कोल्ह्याने नेला असणार. अक्काने विचारलं, लवू कुठे रे? मी म्हणालो, विहिरीला पाणी लागलं ना, आत्ताच सोडून आलो, मजेत आहे. कशाला बोललो? जीभ आपोआप वळली. संध्याकाळी सांगून टाकीन.

७ मे
काल सांगायला सवड झाली नाही. जेवण झाल्यावर अक्का भाताची मूद घेऊन विहिरीवर गेली. लवू, ये रे बाबा, अशी हाक मारली. मला ऐकवेना. वाकून बघायचा धीर झाला नाही. पानात आमरस होता, तोही कडू लागला. तिला दुसरं आहे कोण! पापी आहे मी. उद्या सांगणारच.

१० मे
सांगण्यापेक्षा भरपाई बरी. सर्व्हिस मोटारीने लांज्याला गेलो. नदीच्या डोहातलं एक कासव गावकऱ्याकडून धरवून पिशवीतून आणलं. शेजारचा पॅसेंजर म्हणाला, फणस हलतोय तुमचा. दिवेलागणीला गुपचूप विहिरीत सोडलं. कासवं सगळी सारखीच दिसतात. मन हलकं झालं. जेवण मात्र गेलं नाही.

११ मे
अक्काने विहिरीवर बोलावलं. पाण्यावर दोन डोकी! मी म्हणालो, कासवांची वीण इतकी जलद असते हे पुस्तकात नाही. अक्का हसली नाही. म्हणाली, गेल्या मंगळवारी रात्री दोणीतून मीच उचलला, अर्धमेला झाला होता, चिखलात ठेवला तेव्हा कुठे मान हलवली. तू विहिरीत सोडला म्हणालास. तुझा शब्द खोटा पडू नये म्हणून मग मीच नेऊन सोडला. रोज वाटायचं, आज सांगेल. माझ्याने वर बघवेना. मग म्हणाली, आणि हा कोणाचा रे? याचं घर कुठे मोडून आलास? आजच्या आज पोचव.

१२ मे
काल मोटार चुकली. आज नेला. डोह उरलाच नाही. दोन दिवसांत ऊन इतकं! मधे चिखल तेवढा, त्यातही पोरं मासे हुडकत होती. बाकीची कासवं म्हणे गाळात खोल शिरलीत, पावसापर्यंत वर येत नाहीत. हाही शिरला असता. मी अगदी वेळेवर वर काढला. पिशवी घेऊन परत आलो.

१३ मे
पिशवीतला पुन्हा विहिरीत सोडला. आज अक्काने मुदी दोन केल्या. एक माझ्या हातात दिली, म्हणाली, तुझ्याला तू घाल. हाकही मारली मी, अगदी प्रेमाने. लवूने मला बघितलं आणि बुडी मारली. नव्याने लवूला बघितलं आणि त्यानेही मारली. शेवटी अक्का म्हणाली, तू जरा लांब उभा राहा, ती जेवतील.