मागच्या दिव्यांचं रबर

३ फेब्रुवारी

ओरडले! सासरे चक्क ओरडले माझ्यावर! आणि मला इतका आनंद झालाय की अक्षर वाकडं येतंय.

लग्नाला सात महिने झाले. आजवर 'चहा झाला का' आणि 'दार लावून घे' यापलीकडे शब्द नाही. सासूबाई गेल्यापासून बाबा असेच, असं नवरा सांगतो. आज ते अंगणात त्यांच्या त्या लाडक्या गाडीच्या—माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे ती!—मागच्या दिव्यांची घरं खोलून बसले होते. लाल काचा नुसत्या कळकट. मी पार्लर बंद करून आले होते. म्हटलं, करावी मदत. नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेतलं आणि—

"अगं ए! प्लॅस्टिक आहे ते, विरघळेल! नखं वाटली का तुला?"

मग स्वतःच हसले. बाबांना हसता येतं!

५ फेब्रुवारी

मला कामावर ठेवलंय. बिनपगारी. पत्र्याची घरं आतून गंजून खरबरीत झाली होती, ती व्हिनेगरमध्ये भिजत घातली. आज पॉलिश पेपर ओला करून घासली. "हळू. पत्रा आहे, वैरी नाही." कोपऱ्यांत बोट जाईना, तेव्हा पार्लरमधले बारके ब्रश आणले. बाबा म्हणाले, "तुझ्या धंद्यातली हत्यारं झकास आहेत, पोरी."

लाल काचा टूथपेस्टनं उजळल्या. अशा उजळल्या की चाटाव्याशा वाटल्या!

नवरा: "टूथपेस्ट कुठे गेली?"

आम्ही दोघंही आढ्याकडे बघत बसलो.

८ फेब्रुवारी

बाबा सुट्या भागांच्या दुकानात गेले. काच आणि घर यांच्यामध्ये रबर बसतं, पाणी आत जाऊ नये म्हणून, ते आणायला. केसांना तेल लावून. इस्त्रीचा शर्ट घालून. रबरासाठी!

११ फेब्रुवारी

परवा बल्ब. काल स्क्रू. आज पुन्हा स्क्रू. "बाबा, सगळं एकदमच का नाही आणत?" तर म्हणे, "वय झालं गं, लक्षात राहत नाही."

गाडीचा नट न् नट तोंडपाठ असलेला माणूस!

१२ फेब्रुवारी

आज मीही मागे लागून गेले. दुकान एका बाईंचं आहे. बाबांपेक्षा थोड्या लहान, चष्मा कपाळावर, हात ग्रीसचे. त्यांचा नवरा गेल्यावर दुकान एकटीनं सांभाळलंय. आम्हाला बघताच म्हणाल्या, "या! आज काय विसरलात?"

बाबा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. मला ठसकाच लागला. बाईंनी मला पाणी दिलं आणि बाबांना खुर्ची. खुर्ची आधी!

१६ फेब्रुवारी

रंग झाला. घरं आतून चंदेरी, बाहेरून काळी कुळकुळीत. नवी रबरं, नवे स्क्रू, सगळं बसवलं, बटण दाबलं—आणि दिवा लागेना! बाबांनी तडक बाईंना फोन लावला. नंबर न बघता!

बाई स्वतः आल्या. घर सोडवलं, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं जरासा रंग खरवडला. "रंगाच्या भरात अर्थिंगची जागाही रंगवलीत. करंट परत जायचा कुठून?" भप्पकन दिवा लागला. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

आता मला सांगा, चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस अर्थिंग विसरतो?

अगं बाई गं! मी आत जाऊन उशीत तोंड घालून हसले.

१९ फेब्रुवारी

पोटात मावेना म्हणून नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं होतं, हसेल. तो म्हणाला, "म्हणजे तुला सगळं माहीत, आणि मी त्यांचा मुलगा असून मला काहीच नाही?" जेवला नाही. बाबांनी ऐकलं असणार. भिंती कसल्या, पडदेच ते. त्यांनी गुपचूप जाऊन गाडीवर कापड घातलं.

माझं मेलीचं तोंड!

२१ फेब्रुवारी

बाबा दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. केसही विंचरलेले नाहीत. नवरा त्यांच्याकडे बघतो आणि मान खाली घालतो. काल अंथरुणावर पडल्यापडल्या म्हणाला, "आई गेल्यावर मी कामात बुडालो. बाबांनी कशात बुडायचं, हे मला सुचलंच नाही." मी नुसता त्याचा हात धरला.

२३ फेब्रुवारी

नवरा सकाळी कुठे जातोय ते सांगून गेला नाही. कुठे गेला होता? बाईंच्या दुकानात! मुलानं बापासाठी मागणी घातली!

बाई म्हणाल्या म्हणे, "इतके दिवस यांना एकेक स्क्रू सुटा विकतेय. अजून मी काय बोलायचं होतं?"

मला सासू येतेय!