भट्टीमागची पोकळी

३ ऑक्टोबर, सोमवार
१. व्हेसुव्हियसखालच्या उत्खननावर आज रुजू झाले.
२. रोमन बेकरीत, भट्टीमागच्या राखेत माणसाच्या आकाराची पोकळी सापडली आहे. तीत प्लास्टर ओतून आकृती काढायचं काम माझं.
३. कॅमेरा आत सोडला. उंची १६४ सेंमी. शरीर कुजून उरलेल्या अशा पोकळीत हाडं असतात. इथे एकही नाही.
खोली उजेडाची मिळाली. मुकादम सबातोने घरची भाजलेली वांगी खाऊ घातली. म्हणाला, ‘‘हाडं नाहीत म्हणजे जागा रिकामीच आहे, बाई. मापही तुमचंच. नाव टाकून ठेवू का?’’ सगळे हसले. मीही.

५ ऑक्टोबर
राख भुसभुशीत आहे, म्हणून तीन टप्पे ठरवले: गुडघ्यांपर्यंत, कंबरेपर्यंत, मग डोक्यापर्यंत. ओतण्याआधी इथले गवंडी जमिनीवर तीनदा ठोकतात. ज्याची जागा असेल त्याने पाय काढून घ्यावेत म्हणून. मी मनाई केली. हादऱ्याने राख ढासळते. सबातो म्हणाला, ‘‘नियम तुमचा, पायही तुमचेच.’’ पहिला टप्पा ओतला. ९ लिटर.

६ ऑक्टोबर
दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत बधिर. बूट नवे आहेत. टाचणी टोचून पाहिली. रक्त येतं, कळत नाही.

१० ऑक्टोबर
रुग्णालय. तपासण्यांत दोष नाही. संचालिका इर्माबाईंनी फोनवर सांगितलं की काम थांबणार नाही. म्हणाल्या, ‘‘पाय नसले तर डोकं वापर, पोरी.’’

११ ऑक्टोबर
११:२० — कंबरेखाली काहीच नाही. सबातोला फोन केला. दुसरा टप्पा त्याच मिनिटाला ओतला होता. त्याने हात लावायला नकार दिला, म्हणून इर्माबाईंनी त्याला कामावरून काढलं आणि दुसऱ्यांकडून ओतून घेतलं.

१२ ऑक्टोबर, सकाळ
जाऊन फोडून टाकतो, म्हणाला सबातो. नको म्हटलं. प्लास्टर फुटलं तर माझे पाय—
भीती वाटायला हवी. वाटत नाही. चादर गार आहे का, नर्स विचारते. माहीत नाही.

१२ ऑक्टोबर, दुपार
इर्माबाई फोन घेत नाहीत. या पानाचा फोटो त्यांना पाठवणार.
शुक्रवारचा शेवटचा टप्पा ओतू नका. ओतलेलं फोडू नका. तोंड झाकून पोकळी तशीच सोडा. गुरुवारी, १३ तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यावं. काम अलीकडे ओढलं असेल, तर ताबडतोब— बरगड्या— श्वास अर्धाच— बाई, आत्ता कोण ओत