काजळी धरलेली काच

२६ सप्टें. ९७, सांगली

कॉलेजच्या डार्करूममधल्या खोक्याचं झाकण आज लावलं. आता मी स्वतःसुद्धा उघडायचं नाही. आत एका टोकाला बारका बल्ब, बॅटरीवर. (लोडशेडिंगच्या नावानं चांगभलं.) त्याच्यापुढे काजळी धरलेली काच, मग दोन फटींची पितळी पट्टी, शेवटी फिल्म. काच चिमणीवर धरून मीच काळी केली, नाकातला रॉकेलचा वास अजून गेलेला नाही. प्रकाश इतका मंद की खोक्यात एका वेळी एकच कण, सोबतीला दुसरा नाही. तरी फिल्मवर काळेपांढरे पट्टे उमटले पाहिजेत, जणू एकच कण दोन्ही फटींतून गेला, हीच तर सगळी गंमत.

उमटायलाच हवेत. पीएच.डी.ची ही मुदतवाढ शेवटची, असं विद्यापीठानं स्पष्ट कळवलंय. २० ऑक्टो.ला कमिटी येऊन फिल्म बघणार. फिल्म नाही तर नोंदणी रद्द. इतकी वर्षं केलेलं सगळं गेलं मग.

३० सप्टें.

पुण्याहून रिसर्च पेपरांच्या झेरॉक्स आल्या. गुप्त निरोप प्रकाशाच्या एकेका कणावरून पाठवायचा. वाटेत कुणी चोरून बघितलं की कण बिघडतो आणि चोरी पकडली जाते. न कळता बघताच येत नाही! चहा गार झाला वाचताना. पीएच.डी. झाली की हेच करायचं, दुसरं काही नाही.

हेडना उत्साहानं दाखवायला गेले, माझीच चूक. म्हणाले, मॅडम, आधी बी.एस्सी.ची जर्नलं तपासून द्या. त्यांनी शेवटचा पेपर कधी वाचला होता कुणास ठाऊक. पीएच.डी. झालेली बाई आपल्याच डिपार्टमेंटला नको असणार, ती पण आमच्या वस्तीतली.

७ ऑक्टो.

डोकं फिरलंय.

खंडेनवमीला डिपार्टमेंटची सगळी यंत्रं पुसून पूजेला मांडायची, दरवर्षीप्रमाणे. मी म्हटलं मांडा, पण डार्करूमला हात लावू नका. तर हेड सगळ्या स्टाफरूमसमोर म्हणतात, "तुमच्यात नसेल हो मॅडम, पण यंत्रं कॉलेजची आहेत."

तुमच्यात. बाकीचे चहा ढवळत बसले. साखर विरघळून किती वेळ झाला असेल, तरी ढवळतायत.

सांगितलं, माझ्यात काय आहे नि काय नाही ते राहू द्या, झाकण उघडलं की फिल्म गेली. हसले. "देवाच्या कामानं कधी काही जात नाही." हे फिजिक्सचे हेड!

९ ऑक्टो.

कुलूप लावलं. दुसरी किल्ली हेडच्या ड्रॉवरमध्ये, मागितली तर म्हणाले नियमानं देता येत नाही. झाकणावर ठळक अक्षरांत कागद चिकटवला, ‘उघडू नये’. शिपाई पवारमामांनाही बजावलं. मामा पाटणकडचे, फौजेतून रिटायर होऊन इथे टेंपररी लागलेत. "जी म्याडम" म्हणाले. माणूस शब्दाला पक्का आहे. उद्या पहाटेच्या एस.टी.नं गावी.

११ ऑक्टो., जत तालुका, घरी

विहारात धम्मदीक्षेचा दिवस. सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत. टँकर आला नाही, स्वयंपाकाला शेजारच्या वस्तीवरून पाणी आणलं. वडिलांचा आवाज वंदनेत अजून खणखणीत.

आई भाकऱ्या थापता थापता विचारत होती, तुझं ते खोक्यातलं काय चाललंय. सांगितलं. तिनं हात थांबवला. "एकटाच हाय, तर दोन फटीतनं कसा गं जाईल? एकीतनंच जाणार की." म्हटलं, आई, हाच प्रश्न आहे, मोठमोठे लोक यावरच भांडतात. म्हणाली, मग तूबी भांड, पर जेवून घे आधी.

बरं वाटलं. तरी ‘तुमच्यात’ डोक्यातून जात नाही.

१३ ऑक्टो., सांगली

संपलं.

डार्करूमच्या दाराला झेंडूचा हार. खोक्यावर आपट्याची पानं. ‘उघडू नये’ या कागदालाच कुंकवाचं बोट लावलंय! झाकण उघडलं. पितळी पट्टीवर हळदकुंकू. आणि काच लख्ख. एक ठिपका काजळी शिल्लक नाही. तोंड दिसत होतं त्यात माझं.

फिल्म धुतली. काळी ठिक्कर, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

पवारमामांवर ओरडले. ते गोंधळून उभेच. "काच लय काळी झालती म्याडम, सोड्यानं धुतली. खंडेनवमीला आमी बंदूक बी अशीच चकाचक करायचो." त्यांना वाटत होतं मी खूष होईन. खोलीत कसे आलात विचारलं. सरांनी किल्ली दिली. झाकण? "सर म्हणालं, बाहेरनं पूजा पोचत न्हाई. उघड."

तडक हेडकडे. शांतपणे म्हणाले, कुणीही उघडलेलं नाही, बाहेरूनच हळदकुंकू वाहिलं. माझ्या तोंडावर! पट्टीवरचं कुंकू काय उडत गेलं आत?

रडू येत होतं, त्यांच्यासमोर आणलं नाही. घरी येऊन भांडी आदळली.

१५ ऑक्टो.

हेडनी बोलावून चहा मागवला. चहा आला तेव्हाच ओळखलं.

म्हणे अहवालात लोडशेडिंग घाला, कमिटी समजून घेईल, मीही शब्द टाकतो. बॅटरीवर चालतं ते, सर. मग बॅटरी उतरली म्हणा. मी खरं तेच सांगणार म्हटल्यावर चष्मा पुसायला घेतला. "बघा बुवा. चौकशी लागली तर झाकण कुणी उघडलं? पवारनं. टेंपररी माणूस आहे, दुसऱ्या दिवशी घरी जाईल. तुम्हाला चालेल का ते बघा."

नीच माणूस. कुणाच्या मागे लपायचं ते बरोबर कळतं याला. चहा तसाच ठेवून उठले.

१७ ऑक्टो.

मामांना कुणीतरी समजावून सांगितलेलं दिसतंय. पोर्चमध्ये थांबले होते, टोपी हातात. म्हणाले, तुमचं लय नुकसान झालं माझ्या हातनं. मी म्हटलं, हात तुमचा होता, मामा, डोकं नव्हतं.

मामांनी टोपी नीट डोक्यावर घातली. मग म्हणाले, "हुकूम हुता. कुणाचा हुता ते कुणी इचारलं तर सांगीन. न इचारता न्हाई सांगणार."

घरी मुलगी बाळंतपणाला आलीय त्यांच्या. ते त्यांनी नाही सांगितलं, मला आधीच माहीत आहे. यांच्यावर धड रागावताही येत नाही, म्हणून सगळा राग परत फिरून माझ्याच…

१९ ऑक्टो., रवि.

उद्या अकराला कमिटी. विद्यापीठातल्या बाई येणार, कडक आहेत म्हणतात, स्वतः प्रयोग करणाऱ्या आहेत. एवढीच आशा.

कॉलेजात जाऊन आले. खोकं तसंच टेबलावर ठेवलंय. शेजारी काळी फिल्म. पट्टीवरचं कुंकू पुसलेलं नाही. अहवालात लोडशेडिंग लिहिलं नाही, दुसरंही काही लिहिलं नाही, कारणाची जागा कोरी आहे.

बाई झाकण उघडतील. कुंकू बघून विचारतील, हे काय. मी गप्प राहिले तर हेड बोलणार, आणि पवारमामांचं नाव घेणार. तेव्हा मामा पाण्याचा ट्रे घेऊन तिथेच उभे असणार. मी तोंड उघडलं तर एकच प्रश्न आहे माझ्याकडे, सगळ्यांसमोर विचारायचा: मामा, किल्ली कुणी दिली?

ते खरं सांगतील. मला खात्री आहे. माझी नोंदणी कदाचित वाचेल. त्यांचं काय होईल तेही मला…

चिमणी पेटवलीय. नवी काच धरलीय तिच्यावर. पीएच.डी. राहो न राहो, ही काळी होईपर्यंत मी उठणार नाही.